गडाचं मागचं दार

'एखादा सोपा ट्रेक सांग' असं कुणी म्हणालं की लोहगड म्हणावं आणि सुटावं. पण 'अवघड सांग, उभ्या चढाचा, कातळाचा. आणि जवळचा हवा, रात्री जेवायला घरी यायचंय' असं म्हणणारा भेटला, की आपण त्याला आधी बसवून चहा पाजावा. त्याला छातीचा भाता होईल असा चढ हवा असतो. खाली बघितल्यावर पोटात गोळा यायला हवा असतो, आणि तो गोळा फोटोत दिसायलाही हवा असतो. एवढं सगळं करून सोमवारी ऑफिसच्या खुर्चीत त्याला सरळ बसता आलं पाहिजे. ह्यातली शेवटची अट सोडली, तर बाकी सगळं पुण्या-मुंबईच्या माणसाला दोन-तीन तासांच्या अंतरावर मिळतं. अडचण एवढीच, की तो भलत्या दिशेला बघत असतो. वर. म्हणजे हिमालयाकडे.

आमच्या ओळखीत असे बरेच आहेत. दर मे महिन्यात उत्तरेला जायचं, खेचराच्या पाठीवर सॅक द्यायची, खेचराच्या मागून आठवडाभर चालायचं आणि परत आल्यावर सह्याद्रीला 'टेकड्या' म्हणायचं. आता उंचीच्या पेपरात आपण नापास आहोत हे मान्य. आख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यांत उंच कळसूबाई, तिची उंची 1646 मीटर. मनालीचा बाजारच त्याहून वर आहे. लग्नानंतर तिथे गेलेलं जोडपं हॉटेलच्या गादीवर लोळत असतं, तेव्हाही ते कळसूबाईच्या डोक्यावरच असतं. पण उंच असणं वेगळं आणि उभं असणं वेगळं. उभेपणात आपले डोंगर कुणाला ऐकणारे नाहीत.

ह्याचं श्रेय ज्वालामुखीला. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, निवला, पुन्हा वाहिला, पुन्हा निवला आणि थरावर थर चढत पोळ्यांची चळत तयार झाली. ह्यातल्या काही पोळ्या कडक आणि काही लुसलुशीत. टणक थर झिजायला तयार नसतो, तो कडा होऊन उभा राहतो. मऊ थर झिजून उतार होतो, त्यावर रान माजतं, त्याला पदर म्हणायचं. म्हणून सह्याद्रीतला चढ कसा? कडा, पदर, परत कडा. पदरात माणूस घाम पुसतो, 'संपलं वाटतं' म्हणतो आणि झाडीतून बाहेर आल्यावर समोर दुसरी भिंत बघून मटकन खाली बसतो.

ही सगळी चळत पूर्वेकडे निवांत पसरत गेली आहे आणि पश्चिमेला, कोकणाच्या अंगाला, एकदम तुटली आहे. लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास आणि खालचं कर्जत शंभराच्याही आत. ह्या दोघांमधल्या भोर घाटातून रेल्वे सुरू झाली 1863 मध्ये, आणि आजही पुण्याकडे येणाऱ्या कित्येक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडून वर ढकलावं लागतं. ज्या चढाला आगगाडी मदत मागते, तो चढ माणसाने वडा खाऊन एका दमात चढावा अशी अपेक्षा आपण कशी काय ठेवतो, कोण जाणे.

एवढा भूगोल ध्यानात आला की अवघड ट्रेक शोधायचं गणित सुटतं. आपल्याकडे बहुतेक गडांना आणि घाटमाथ्याला दोन दारं असतात. एक पुढचं, देशावरचं. तिथे डांबरी रस्ता, गाडीतळ, लिंबू सरबत, मक्याचं कणीस. दुसरं मागचं, कोकणातलं. तिथे काही नाही. नुसता डोंगर. म्हणून 'कुठल्या गडावर जाऊ' हा प्रश्नच चुकीचा; 'कुठून जाऊ' असं विचारावं. राजमाचीला लोणावळ्याहून गेलात तर पाय फक्त कंटाळतात. तीच राजमाची कर्जतच्या बाजूने, कोंदिवड्याहून कोंढाण्याच्या लेण्यांवरून चढलात, तर गड तोच, पण माणूस तो राहत नाही. हरिश्चंद्रगडाला पाचनईहून शाळेची सहल जाते. त्याच गडाला बेलपाड्याहून नळीची वाट आहे. म्हणजे कोकणकड्याच्या कुशीतली एक प्रचंड घळ, त्यात दगडच दगड, टेबलाएवढे, कपाटाएवढे, काही ठिकाणी टू बीएचके. दिवसभर त्या दगडांना मिठ्या मारत वर जायचं, मधल्या कातळटप्प्यांवर दोर लावायचा. शेवटी डोकं माथ्यावर काढावं, तर पाचनईहून आलेली मंडळी कड्याच्या काठावर पालथी पडून खाली बघत असतात. आपल्याला बघून त्यांच्यातला एखादा विचारतो, 'खाली काही पडलं होतं का?'

भीमाशंकरची तऱ्हा तर ह्याहून भारी. पुण्याहून एसटी थेट देवळाशी सोडते. पण कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून दोन वाटा वर जातात. एक गणेश घाट, लांबचा आणि समजूतदार. दुसरा शिडी घाट. नावात शिडी असली तरी शिड्या ही ह्या वाटेतली सर्वांत सोपी गोष्ट. त्यांना निदान दांडे असतात. शिड्यांच्या अलीकडे-पलीकडे जे आहे त्याला दांडे नाहीत. कातळाला चिकटून आडवं सरकायचं, हाताला खोबण सापडेपर्यंत एका पायावर कुलदैवताची आठवण काढायची आणि शेजारून चार कोसांवरचं कोकण दिसतंय तिकडे मुळीच बघायचं नाही. असे चार-पाच तास काढून, शर्टाचा रंग ओळखू येईनासा झाल्यावर आपण वर पोचतो. तिथे झेंडूची माळ घेऊन रांगेत एक आजी उभ्या असतात. नऊवारी स्वच्छ, कपाळावर कुंकू जागच्या जागी.

'कुठनं आलास रं?'

'खालून. खांडसहून. चालत.'

आजी आपल्याकडे खालपासून वरपर्यंत बघतात आणि मनापासून हळहळतात, 'अगं बाई! यष्टी चुकली व्हय?'

ह्यावर उत्तर नाही. मी बरंच शोधलं.

मागच्या दारांची गंमत अशी, की ती आपल्या साहसासाठी केलेलीच नाहीत. सह्याद्रीतल्या घाटवाटा म्हणजे जुने हमरस्ते. नाणेघाटातून सातवाहनांच्या काळापासून व्यापाऱ्यांचे तांडे चढत होते. जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून तिथे आहे. बाकीच्या वाटांनी मिरची वर-खाली झाली, मीठ झालं, तांदूळ झाला, आणि घाटावर दिलेल्या लेकी माहेरपणाला खाली आल्या. कडेवर पोर, डोक्यावर बोचकं आणि पायात काही नाही. त्याच वाटेवर आज आपण पाच आकडी किमतीचे बूट घालून, दोन हातांत दोन काठ्या घेऊन, डोक्याला हेल्मेट लावून 'अत्यंत कठीण श्रेणी' असं म्हणत उभे असतो. ज्या वाटेने कुणीतरी दिवाळीचा फराळ पडू न देता नेला, तिला आपण साहस म्हणायचं. म्हणावं, हरकत नाही. फक्त गावात मोठ्याने म्हणू नये.

श्रेणीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सोपी, मध्यम, कठीण, अत्यंत कठीण असे शिक्के आपल्याकडे प्रत्येक डोंगरावर बसलेले आहेत. पण शिक्का मारणाऱ्याचं वय काय, गुडघे कसे आणि त्या दिवशी सकाळी त्याने काय खाल्लं होतं, हे कुणी लिहीत नाही. मी ह्या बाबतीत फक्त पायथ्याच्या मामांना मानतो. पायथ्याला मामा असतातच. खळ्यात, पारावर किंवा गुरांमागे. बनियन, कंबरेला कोयता, पायात अंगठा तुटून शिवलेली चप्पल. 'वाट अवघड आहे का' असं त्यांना विचारून उपयोग नाही, कारण त्यांच्या लेखी वाट एकतर 'हाय' नाहीतर 'न्हाय'. त्याऐवजी विचारावं, 'मामा, ह्या वाटेनं गुरं जातात का?' जातात म्हणाले की ती सोपी. 'बकऱ्या जात्यात' म्हणाले, तर मध्यम. 'गुरं न्हाय जात, आमी जातो' असं उत्तर आलं, की समजावं, आपल्याला हवी होती ती हीच. आणि 'मागं एक बैल गेल्ता' असं म्हणाले, तर घाई न करता पुढचा प्रश्न विचारावा, परत आला का.

मामांचं गुरांचं ज्ञान जितकं चोख, तितकं वेळेचं सैल. त्यांच्याकडे एकच माप आहे, 'ह्ये काय, हितंच'. तासभर चाललात तरी हितंच, तीन तास चाललात तरी हितंच. बरं, ते खोटं बोलतात असंही नाही. त्यांना तेवढाच वेळ लागतो. मी एकदा असंच एका खिंडीत दगडाला टेकून डोळ्यांपुढचे काजवे मोजत असताना एक धनगर बाई दुधाची किटली घेऊन वरून उतरल्या, 'दमलास का बाबा' म्हणाल्या आणि खालच्या वाडीत दूध घालून, रिकामी किटली घेऊन पुन्हा माझ्या शेजारून वर गेल्या. मी त्याच दगडाला होतो. ह्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

पण कातळ हवा असं ज्याचं खरोखर म्हणणं आहे, त्याने ढाकचा बहिरी बघावा, म्हणजे कड्यातल्या गुहेत बसलेला देव. कर्जतच्या सांडशीहून किंवा घाटावरच्या जांभिवलीहून जाता येतं. जांभिवलीहून आलात तर आधी कळकराय सुळका आणि ढाकचा कडा ह्यांच्या मधल्या नळीत उतरायचं. ती इतकी अरुंद, की पोट सुटलेल्या माणसाला तिथे आपलं वय कळतं. नळीतून बाहेर पडलं की उजवीकडे कड्याला लगटून आडवी वाट. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कोकण. आणि मग चढ सुरू. कातळात खोदलेल्या पावठ्या आहेत, पण पिढ्यान् पिढ्यांच्या तळव्यांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. बोटं आत घातली की मधोमध एक खळगा लागतो, आपल्या आधी कित्येकांची बोटं तिथेच थरथरली असणार. वर दोर लोंबत असतो. तो कुणी बांधला, कधी बांधला, ठाऊक नाही. आधीचा तुटला म्हणून बांधला असणार, एवढं मात्र नक्की. प्रत्येक जण तो दोर दोनदा ओढून बघतो, तज्ज्ञासारखी मान हलवतो आणि मग बहिरीचं नाव घेऊन आख्खा जीव त्याच्यावर टाकतो. शेवटच्या टप्प्याला दोराच्या जोडीला एक झाडाचं खोड टेकवलेलं. त्याच्यावरून गुहेत.

गुहेत बहिरीदेव आहे, गार पाण्याची टाकी आहेत. आणि भांडी आहेत. स्वयंपाकाची. देवाला आलेल्यांनी ती वापरावीत, घासावीत आणि परत जागेवर ठेवावीत असा रिवाज आहे. खालच्या कातळावर आपण पाण्याची बाटली जड झाली म्हणून अर्धी ओतून दिलेली असते, आणि इथे कुणीतरी पातेली वर आणून ठेवली आहेत. भांडी बघितली की सगळा पराक्रम निम्म्यावर येतो. तेही चांगलंच, कारण उतरायचं अजून बाकी असतं, आणि उतरताना पराक्रम नडतो. विनोद बाजूला ठेवून सांगतो, ह्या कातळावरून पडून माणसं गेली आहेत. वाटाड्या, स्वतःचा दोर आणि तो वापरता येणारा माणूस, हे तीनही नसतील तर नळीच्या तोंडाशी बसून डबा खावा आणि परत फिरावं. डबा तिथेही चांगला लागतो.

अवघड जागांची दुसरी अडचण म्हणजे त्या प्रसिद्ध होतात. त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहरच्या पायऱ्या घ्या. एका माणसाच्या रुंदीचा, कड्यात कोरलेला उभा जिना, दोन्ही बाजूंना हात घालायला खोबण्या. जो तो '80 अंशांचा चढ' म्हणतो. कोनमापक घेऊन कुणी गेल्याचं ऐकिवात नाही, पण वर चढताना पुढच्याच्या बुटाची टाच आपल्या कपाळाशी असते एवढं खरं. आणि रविवारी त्या एकेरी जिन्यावर दुहेरी वाहतूक. वरचे म्हणतात 'आधी आम्हाला उतरू द्या', खालचे म्हणतात 'आम्ही अर्ध्यात आलोय', आणि मध्ये एक जण दोन्ही हात सोडून स्वतःचा व्हिडिओ काढतोय. कलावंतिणीच्या पायऱ्यांवरही तेच. सगळ्याच गडांच्या पायऱ्या मात्र एवढ्या नशीबवान नव्हत्या. 1818 मध्ये इंग्रजांनी गड घेतल्यावर पुन्हा कुणी वर जाऊन बसू नये म्हणून कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. अलंग आणि मदनच्या वाटा अशाच गेल्या, आणि आता दोनशे वर्षांनी आपण पैसे भरून, दोर लावून त्याच तुटक्या टप्प्यांवर लटकायला जातो. इंग्रजांनी गिर्यारोहकांसाठी केलेलं हे एकमेव काम, तेही न कळत.

सिंहगडाचं काय, असं एव्हाना कुणीतरी पुण्यातून विचारलंच असेल. तानाजी मालुसरे 1670 साली रात्री कड्याने वर गेले. आज वरपर्यंत गाडीरस्ता आहे, आणि पावसाळ्यातल्या रविवारी त्या रस्त्याने वर पोचायला कड्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पण आतकरवाडीच्या पायवाटेला नाव ठेवायचं काम नाही. तिथे पहाटे घड्याळ लावून चढणारे असतात, आणि हिमालयाची तयारी म्हणून सॅकेत पाण्याच्या बाटल्या भरून चढणारेही असतात. वर गेले की सगळं पाणी ओतून देतात आणि ताक विकत घेऊन पितात. ज्यांना एवढ्याने भागत नाही ते रात्री कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून निघून डोंगरमाथ्यावरून सिंहगड गाठतात. मधे टेकड्या किती, ह्यावर मात्र एकमत नाही. कुणी तेरा सांगतो, कुणी सोळा. मोजायला सुरुवात सगळेच करतात, पण सातवीनंतर माणूस टेकड्या मोजत नाही, स्वतःची पापं मोजतो.

हल्ली अवघड जागी रेलिंग लागू लागली आहेत. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेतच. एखाद्या गडावर नवं रेलिंग दिसलं की आमच्यातली जुनी खोडं उसासा टाकतात, 'गेली मजा!' आणि उतरताना त्याच रेलिंगला दोन्ही हातांनी कवटाळून उतरतात. मी रेलिंगच्या विरुद्ध आहे. फक्त वर जाताना.

उतरण हा खरा परीक्षेचा पेपर. पावसाळ्यात शेवाळ, आणि गर्दीमुळे, अपघातांमुळे कित्येक ठिकाणी प्रशासनाची बंदी. ती मोडू नये. मार्चनंतर घसारा, म्हणजे वाळलेल्या मुरमाची आणि गवताची ती बारीक रवाळ पेर, जिच्यावर पाय ठेवला की पाय तिथे राहत नाही. घसाऱ्यावर उभ्याने उतरायचा हट्ट सगळे पहिली पाच मिनिटं करतात. मग एक जण बसतो, दुसरा बसतो, आणि बघता बघता आख्खा ग्रुप बुडावर सरकत खाली येऊ लागतो, डॉक्टर, सॉफ्टवेअरवाले, सीए, सगळे एका पातळीवर. घरी आल्यावर पँटचं मागचं अंग बघून बायको म्हणते, 'तिसऱ्या मजल्यावरून खाली दूध आणायला सांगितलं तर लिफ्ट बंद आहे म्हणतोस, आणि हे?' ह्यावर मला सुचलेलं एकमेव उत्तर, 'जिन्यात नजारा नाही', मी अजून तोंडातून काढलेलं नाही. आणि सोमवारी ऑफिसातला जिना उतरताना भिंत धरून तिरकं-तिरकं उतरावं लागतं, तेव्हा कुणी विचारलंच, तर सांधेदुखी सांगावी. ट्रेक सांगितला तर पुढच्या वेळी 'मीही येतो' म्हणतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाताना प्रबळ, कलावंतीण, नागफणी ही सगळी शिखरं खिडकीतून दिसतात. आतली मंडळी मान खाली घालून पुढचा फूड मॉल कधी येणार ह्याचा अंदाज बांधत असतात. पुढच्या खेपेला जरा मान वर करा, आणि परतल्यावर नकाशा काढून बघा, ह्या डोंगराचं मागचं दार कुठल्या गावात उघडतं. थंडीत जा, डिसेंबर ते फेब्रुवारी हा सरळ माणसांचा मोसम. माणशी तीन-चार लिटर पाणी, घरी वाटेचं नाव सांगून ठेवलेलं, कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तोंड आणि अत्तर दोन्ही बंद. पायथ्याच्या मामांना वाटाड्या म्हणून बरोबर घ्या आणि त्यांचे पैसे घासाघीस न करता द्या. बूट घेताना केली नव्हतीत. फक्त संध्याकाळी कर्जतला जाणारी शेवटची गाडी कितीला आहे, हे सकाळी उतरल्या उतरल्या ड्रायव्हरलाच विचारून ठेवा. मामा 'ह्ये काय, हितंच' म्हणतील, पण गाडी थांबत नाही.